येण्याचा मार्ग : आडरस्त्यांच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, लातूर

प्रेसच्या माळ्यावरचे लग्नपत्रिकांचे गठ्ठे आज खाली काढले. वडिलांची शिस्त अशी, की छापलेल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत तारेत ओवून ठेवायची. गिऱ्हाईक उद्या ‘नाव चुकलं’ म्हणून भांडायला आलं तर पुरावा हाताशी हवा. काही गठ्ठे वाळवीनं खाल्लेत, पण साठच्या दशकापासून छपाईचे शिशाचे खिळे जाऊन ऑफसेट यंत्र येईपर्यंतचा बराच माल शाबूत आहे.

भाचा भाऊबिजेला आला होता, धूळ झटकायला त्यालाच लावलं. पत्रिकेच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ असते, ती त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ‘येण्याचा मार्ग.’ आम्ही ती हजारदा जुळवली, पण वाचली कधी नाही.

‘बार्शी लाईटने येणाऱ्या मंडळींनी ढोकी स्टेशनावर उतरावे. गाड्या हजर राहतील.’ (गाड्या म्हणजे बैलगाड्या, हे वेगळं सांगायची तेव्हा गरज नव्हती.)

‘मोटारीने येणारांनी फाट्यावर उतरून दक्षिणेस पाऊण कोस चालावे. वाटेत पाण्याची सोय केली आहे.’

आणि एका पत्रिकेवर तेरणा नदीबद्दल एवढंच: ‘तेरणेला उतार आहे.’

ठरलं ते असं. या ओळीतले रस्ते एकेक करून जायचे. वाटेतल्या गावांत थांबायचं, विचारायचं, रेकॉर्ड करायचं, शेवटी एक नकाशा छापायचा. सोलापूर–हैदराबाद, सोलापूर–धुळे आणि रत्नागिरी–नागपूर हे तिन्ही महामार्ग शक्यतो टाळायचे. त्यांचा राग नाही, पण चौपदरी रस्ता गावाला वळसा घालून जातो आणि त्याच्या कडेला बोलायला कुणी बसलेलं नसतं. हिरव्या डोक्याचे दगड असलेले राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, नाहीतर पांदण. वाहन माझी जुनी मोटारसायकल.

९ नोव्हेंबर, मुरूड – ढोकी – कसबे तडवळे

ऊस निघायच्या बेतात आहे, साईडपट्टीची अवस्था मात्र गेल्या हंगामातलीच. हळूहळू गेलो.

ढोकीत पारावर चार म्हातारे बसलेले. भाच्यानं फोन पुढं धरला आणि म्हणाला, ‘आजोबा, गावाचा इतिहास सांगा.’ झालं. सगळ्यांचे चेहरे सतरा सप्टेंबरच्या झेंडावंदनाला उभे राहिल्यासारखे झाले. निजाम, रझाकार, पोलीस अॅक्शन, सरदार पटेल. शाळेच्या पुस्तकात असतं ते सगळं त्याच क्रमानं आलं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं आणि काहीही त्यांचं नव्हतं.

शेजारच्या ओट्यावर एक आजी तूर निवडत होत्या. मी पत्रिकेतली ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, ‘आजी, तुमचं वऱ्हाड कुण्या रस्त्यानं आलं?’

‘मला इचारूलालाव व्हय?’ सूप बाजूला ठेवलं. ‘पांगरीला गाडीत बसलाव, हितं ढोकीला उतरलाव. खिडकीची जागा मी हट्टानं घेतली. इंजनाचा कोळसा उडायचा. नव्या पातळाला मुगाएवढी भोकं पडली. सासूनं माझं तोंड बघायच्या आदी पदर बघितला.’

त्यानंतर स्टेशनापासून घरापर्यंतची वाट त्यांनी हातानं दाखवली. आधी चिंचेची रांग, मग ओढा, मग कुणाची तरी विहीर जिथं बैल पाजले, मग गावाची वेस. ही गाडीवाट आता उसाच्या फडात गेली आहे. पारावरच्या म्हाताऱ्यांना ती अर्धवट आठवत होती. आजींना झाडं ओळीनं आठवत होती, कारण त्या वाटेनं त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा बघत आल्या होत्या. पुरुष रोज जातो, त्यामुळे बघत नाही. प्रश्न तोच ठेवायचा: वऱ्हाड कोणत्या रस्त्यानं आलं? बाकीचं आपोआप येतं.

बार्शी लाईटबद्दल इथंच लिहून ठेवतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं उभारलेली ही अरुंद मार्गाची रेल्वे. रुळांतलं अंतर अडीच फूट. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी असा पहिला टप्पा सुरू झाला, १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली. १९५४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली आणि २००८ पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर हा सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. नवा मार्ग धाराशिव शहरातून नेला, जुना जात नव्हता. त्यामुळे येडशी–रामलिंगच्या बाजूला जुन्या लाइनचा भराव रुळांवाचून उरला. गाडी इतकी हळू, की लोक उतरून कामं उरकून पुन्हा चढायचे, हा विनोद आज प्रत्येकानं ऐकवला. बार्शी लाईटवर तो सक्तीचा असावा. पुन्हा नोंदवणार नाही.

कसबे तडवळ्यात संध्याकाळ झाली. इथं २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. बैलगाडीतून निघालेली मिरवणूक कुठून कुठं गेली, हे वस्तीतल्या एका गृहस्थांनी चालत दाखवलं. त्यांनी ती पाहिली नव्हती. वडिलांनी याच पद्धतीनं, चालत दाखवली होती म्हणाले. भाच्यानं फोनवर ती वाट रेघेनं टिपली.

आमच्या गठ्ठ्यात याच भागातली १९६४ ची एक पत्रिका आहे. वर गणपतीचा ब्लॉक, म्हणजे चित्राचा ठसा, जिथं बसायचा तिथं कोरी जागा आणि खाली ‘जय भीम’. प्रेसमध्ये तेव्हा बुद्धाचा ब्लॉकच नव्हता. गिऱ्हाइकानं सांगितलं असणार, गणपती काढा, आणि वडिलांनी जागा मोकळी सोडून फर्मा (जुळवलेल्या खिळ्यांची चौकट) आवळला. पुढच्या गठ्ठ्यांत बुद्धमूर्ती येते, ‘नमो बुद्धाय’ येतं, मुहूर्ताच्या जागी ‘मंगल परिणय’ येतो. ती कोरी जागा मी त्या गृहस्थांना दाखवली. ते बराच वेळ पत्रिका धरून होते, मग म्हणाले, ‘ह्याची झेरॉक्स मिळंल का?’

१७ नोव्हेंबर, तेर

विधानसभेच्या प्रचाराचा शेवटचा रविवार. प्रत्येक फाट्यावर भोंगा, रेकॉर्डिंग निम्मं वाया.

तेरवर लिहिणारे पुष्कळ आहेत म्हणून थोडक्यात. हे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे, आणि तिथून माल गाड्यांनी भडोचच्या बंदराकडं जाई, असंही. म्हणजे या परिसराचा लेखी उल्लेखच मुळी रस्त्याच्या निमित्तानं झालेला आहे. विटांचं त्रिविक्रम मंदिर, जे मुळात बौद्ध चैत्य मानलं जातं, ते पाहिलं. संत गोरोबाकाकांच्या (गोरा कुंभारांच्या) मंदिरात टेकलो. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय भाच्यानं पहिल्यांदाच पाहिलं. हस्तिदंती बाईपुढं तो उभा राहिला तो हलेना. इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी तिचं साम्य सांगतात, ते ऐकल्यावर तर अजिबातच.

पण आजचा खरा माल नदीच्या काठी मिळाला. ‘तेरणेला उतार आहे’ ही ओळ एका आजोबांना वाचून दाखवली तेव्हा ते हसले. लग्नं उन्हाळ्यात, नदी कोरडी ठणठणीत. उतार आहे हे छापायचं कशाला? त्यांचं म्हणणं, ही ओळ पाहुण्यांसाठी नव्हतीच. गाडीवानांसाठी होती. रेतीत चाक रुततं, म्हणून वरच्या बाजूला खडकावरून घालायची वाट त्या वर्षी मोकळी आहे, असा तिचा अर्थ. खरं असेल किंवा त्यांनी जागच्या जागी रचलं असेल. पटलं मात्र.

त्यांनीच पांढरीचं सांगितलं. तेरच्या जुन्या टेकाडांची पांढरी माती गाड्या भरभरून आसपासच्या खेड्यांत जायची, माळवदावर टाकायला. पाऊस पडून गेला की त्या मातीत रंगीत मणी दिसायचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गावाची माती लोकांच्या डोक्यावर छप्पर म्हणून बसली होती.

१ डिसेंबर, प्रेसमध्ये

स्कॅनिंग. दिवसभर पत्रिका काचेखाली घालणं आणि भाच्याला फोनवर गावांची नावं सांगणं. तो तिकडं पुण्यात बसून नकाशावर खुणा करतोय.

मधेच एक गोष्ट खटकली. सगळ्या पत्रिका चैत्र ते ज्येष्ठातल्या. थोड्या मार्गशीर्षातल्या. म्हणजे ‘येण्याचा मार्ग’ हा फक्त कोरड्या दिवसांतला मार्ग आहे. आपली जमीन काळी. मृगाचा पाऊस पडला की गाडीवाटा मोडायच्या, चाकाला चिखलाचे थर चढायचे, पांदणीतून माणूसच कसाबसा निघायचा. निम्मं वर्ष हे रस्ते नव्हतेच. पत्रिका ते सांगणार नाहीत, कारण त्या दिवसांत कुणी लग्नच करत नाही.

आईला विचारलं. ती म्हणाली, ‘मग पंचमीचं विचार की. मुराळी कसा आला ते विचार.’

श्रावणात नागपंचमीला भाऊ बहिणीला न्यायला येतो, तो मुराळी. ऐन पावसाळ्यात येतो. आता प्रश्न दोन झाले: वऱ्हाड कुठून आलं, आणि मुराळी कुठून आला. एका गावाला दोन रस्ते निघायला लागले. पावसाळ्यातला रस्ता बहुतेक वेळा माळावरून, पाणलोटाच्या वरच्या कडेनं, लांबचा. नकाशावर वऱ्हाडाची रेघ लाल ठेवली, मुराळ्याची निळी.

८ डिसेंबर, येडशी – रामलिंग – पांगरी

बालाघाटाची कड इथं तुटते. रामलिंगला अभयारण्याच्या झाडीत मोटारसायकल लावून देवळापर्यंत उतरलो. धबधब्याची नुसती ओल उरलेली, माकडं मात्र हजर. भाच्याच्या पिशवीतली केळी गेली. जुन्या लाइनचा भराव झाडीतून मधूनमधून दिसतो. त्यावरून थोडं चालता आलं. खडी अजून आहे.

घाट उतरून पांगरी. इथं जिल्हा बदलतो, धाराशिव संपून सोलापूर लागतो. आज तो फक्त पाटीवरचा बदल. १९४८ पर्यंत या रेषेच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं १९४७ पर्यंत इंग्रजांचं. लोकांच्या बोलण्यात अलीकडं ‘मोगलाई’. अलीकडं निजामाचा हाली सिक्का, पलीकडं इंग्रजांचा कलदार रुपया, आणि मधे करोडगिरी, म्हणजे निजामाचं जकात खातं.

येडशीच्या एका तात्यांनी आईकडून ऐकलेलं सांगितलं. लग्नाचा बस्ता बार्शीचा. कापड, भांडी, सगळं तिथून. परतताना नाक्यावर नव्या मालाची जकात द्यावी लागे. मग बायका बार्शीतच दोन-दोन लुगडी एकावर एक नेसायच्या. पितळेच्या घागरी धर्मशाळेच्या चुलीवर ठेवून मुद्दाम काळ्या करायच्या, वापरातल्या दिसाव्यात म्हणून. ‘आईच्या रुखवताची घागर घरी आल्यावर चिंच लावून घासली तव्हा कुठं नवी झाली,’ तात्या म्हणाले. घागर अजून आहे. माजघरातून आणून दाखवली. बुडाशी काळा पट्टा राहिलाच आहे, आतल्या कडीच्या बाजूला, जिथं हात पोचत नाही तिथं.

त्यांच्या ट्रंकेतून एक पत्रिका निघाली, आमच्याकडच्या कुठल्याही पत्रिकेपेक्षा जुनी. कागद पिवळा, वर ‘श्री तुळजाभवानी प्रसन्न’, आणि तारखेच्या जागी ‘तीर १३५६ फसली’. फसली वर्ष निजामाच्या राज्यात ऑक्टोबरात सुरू होई. तीर हा त्यातला आठवा महिना, तेव्हा हे लग्न मे १९४७ मधलं. भारत स्वतंत्र व्हायला तीन महिने होते, आणि या गावाला आणखी तेरा महिने जास्त लागणार होते. पत्रिकेवर यातलं काही नाही. ‘लहानथोर मंडळींसह येऊन कार्यास शोभा आणावी’, बस.

पुढच्या पावसाळ्यात, तात्या सांगतात, त्याच वाटेनं माणसं उलटी गेली. रझाकारांच्या भीतीनं बायकापोरं बार्शीकडं पाठवली. वऱ्हाड ज्या ओढ्याकाठी थांबलं होतं, तिथंच मुक्काम. नाक्यावर या वेळी घागरी कुणी काळ्या केल्या नाहीत, घरी राहू दिल्या. मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांत सरहद्दीवरच्या शिबिरांची माहिती असते, स्वातंत्र्यसैनिकांनी लुटलेल्या उमरी बँकेची हकिगत असते. घागरी मागं ठेवल्या हे नसतं.

३० डिसेंबर, सास्तूरच्या अलीकडचं एक गाव

वेळ अमावस्या, म्हणजे सगळ्यांनी शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायचा आमच्याकडचा सण. लातूर सकाळी दहाला ओस. गंजगोलाईच्या बाजारात कुत्री सुद्धा निवांत. अख्खं शहर शेतात गेलेलं. आईला घेऊन भाड्याच्या गाडीनं औसा, लामजना, किल्लारी असं तिच्या माहेराकडं निघालो. रस्ता चांगला. दोन्हीकडं ज्वारी पोटऱ्यात, करडई, हरभरा, आणि दर दोन शेतांआड कडब्याची कोप (खोपी).

मामांच्या शेतात कोपीत पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवून मांडलेले. आंबिलीची बिंदगी (छोटी घागर) डोक्यावरून आली. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. भज्जीत काय काय घातलंय हे मामींना विचारलं, तर म्हणाल्या, ‘रानात जे हिरवं दिसलं ते.’ ‘ओलगे ओलगे’ म्हणत मामांनी शेताच्या चारी बाजूंना आंबील शिंपडली. जेवण झाल्यावर कामाचं काढलं.

माझ्या आईवडिलांच्या लग्नाची पत्रिका सोबत होती. गावाचं नाव तेच, वाट जुनी. मग ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं: किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. त्यावर वर्षानुवर्षं टाकलेली पांढरी माती, थरावर थर. तीच खाली आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून ८ ते १० हजार माणसं गेली. ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवली. मामांचं त्यातलंच.

गाव हललं, शेत हललं नाही. त्यामुळे वेळ अमावस्येला सगळे पुन्हा जुन्या गावठाणाच्या आसपास असतात. नव्या गावात रस्ते रुंद, सरळ, काटकोनात. आई तिथं अजून चुकते. मामाचं घर पाण्याच्या टाकीवरून ओळखते. पण शेतातून जुन्या गावठाणाकडं जाणारी पांदण दिसल्यावर ती पुढं, आम्ही मागं.

‘इथं वेस. वेशीच्या बाहेर मारुती, तिथं नारळ फोडला. गाडी इथून ओढ्यात उतरली. मी मागं बघू नको म्हणून मावशीनं डोकं धरून ठेवलेलं, तरी बघितलं.’

वेशीच्या जागी बाभळी आणि घाणेरी. मारुतीचा ओटा आहे, मूर्ती नव्या गावात नेली. जोत्याचे घडीव दगड इकडं तिकडं. मामा मधेच बोलले, ‘ती वाट ओढ्याच्या अल्याडनं होती, आक्का.’ ‘तुला काय माहीत, तू कडेवर होतास.’ दोघं बराच वेळ भांडले. मी दोन्ही वाटा टिपल्या.

नोंदवण्याजोगी एक गोष्ट. भूकंपाबद्दल मी काही विचारलं नाही, आणि लोकांनीही आपणहून सांगितलं नाही. सांगितलं ते गाडीवाटेचं. कोण कुठं राहत होतं, कुठल्या वाड्यापाशी वाट वळायची, कुठल्या दारात वऱ्हाडाला पाणी दिलं. ज्या घरांची नावं आली त्यातली बरीच आता फक्त या सांगण्यात आहेत. हे मला गाडीत परत येताना कळलं, आईला आधीपासून माहीत असावं.

संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवतात, ते बघून निघालो. ऊसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागून रांगत लातूर गाठायला रात्र झाली.

१३ जानेवारी २०२५, अणदूर – नळदुर्ग

पौष पौर्णिमा, नळदुर्गला खंडोबाची यात्रा. आजचा रस्ता महामार्गालगतच आहे, पण याला पर्याय नव्हता. अणदूर आणि नळदुर्गचा खंडोबा एकच आहे. मूर्ती वर्षातले सुमारे दहा महिने अणदूरला आणि उरलेले दिवस नळदुर्गला असते. नेण्याआणण्याचा दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. पालखीची वाट हा आमच्या प्रकल्पातला सगळ्यात बिनवादाचा रस्ता निघाला: लेखी असल्यामुळे असेल.

गर्दीतून कसंबसं बोरी नदीकडं आलो. किल्ल्यातला बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. त्याच्या पोटात पाणी महाल, आणि पावसाळ्यात बंधाऱ्यावरून कोसळणारे नर आणि मादी हे धबधबे. जानेवारीत दोघंही गप्प असतात.

नळदुर्गचा पूल हा १९४८ च्या पोलीस कारवाईतला पहिल्या दिवसाचा महत्त्वाचा टप्पा. सोलापूरहून निघालेल्या फौजेनं १३ सप्टेंबरला सकाळीच तो सुरक्षित ताब्यात घेतला, नाहीतर बोरीवर अडकून पडावं लागलं असतं. त्याच दिवशी नळदुर्गजवळ दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. हे पुस्तकातलं.

भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या एका आजींना आमचा प्रश्न विचारला. वऱ्हाड जळकोटहून, पुलावरूनच. लग्न कारवाईनंतरच्या उन्हाळ्यातलं. ‘पुलावर गाडी आली की सगळे बैल आपोआप हळू व्हायचे,’ त्या म्हणाल्या. कारण विचारलं. ‘रणगाड्यांनी पुलाच्या तोंडाशी खड्डे पाडले होते, ते कुणी बुजवलेच न्हाईत वरीसभर.’ नवरी मुलगी गाडीतून उतरून चालत पूल ओलांडून सासरी आली. गावात त्यांना त्यावरून ‘पायी आलेली’ म्हणत.

२६ जानेवारी, हिप्परगा (रवा)

लोहाऱ्याहून आडरस्त्यानं. झेंडावंदन आटोपून पोरं घरी चाललेली. इथं १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली होती. स्वामी रामानंद तीर्थ, तेव्हाचे व्यंकटेश खेडगीकर, इथं मुख्याध्यापक म्हणून आले, पुढं अंबाजोगाईला गेले. सरकारी रस्त्यापासून दूर हे गाव शाळेला सोयीचं होतं असं सगळे सांगतात, आणि आजही इथं पोचताना ते पटतं. वऱ्हाडाच्या वाटा तीन मिळाल्या. मुराळ्याची एकच, आणि ती इतकी वाकडी की भाच्याचा फोन ती रेघ मान्य करेना.

९ फेब्रुवारी, प्रेसमध्ये

नकाशाची पहिली कच्ची छपाई. ए-टू आकार, दोन रंग. आज ती ढोकी, येडशी आणि मामांच्या गावाला दाखवून आणली.

ढोकीच्या आजींनी चिंचेची रांग मोजली आणि एक झाड कमी आहे म्हणाल्या. नकाशावर झाडांची चिन्हं मी अंदाजानं टाकली होती, शोभेला. वाढवलं. येडशीच्या तात्यांनी घागरीचं छापू नका म्हणून सांगितलं. पाऊणशेहून जास्त वर्षांनी का होईना, जकात चुकवल्याचं आईच्या नावावर नको. गाव न सांगता छापलं तर चालेल का, विचारलं. चालेल म्हणाले. मग थोड्या वेळानं, जाऊ द्या, गावही टाका, नाव नको.

मामांच्या गावात नकाशा ओट्यावर पसरला तेव्हा पंधरावीस माणसं जमली. ओढ्याच्या अल्याडची वाट की पल्याडची, यावर पुन्हा जुंपली. आता गावाचे दोन पक्ष आहेत. अल्याडवाल्यांचं म्हणणं, पल्याड दलदल होती, तिथून गाडी जाणं शक्य नाही. पल्याडवाल्या बहुतेक बायका, आणि त्या म्हणतात, आम्ही तिथून आलाव. एक काकू तर पदर खोचून प्रत्यक्ष दाखवायला निघाल्या. दलदल होती हे त्यांनाही मान्य. म्हणूनच तिथं दगड अंथरले होते, आणि दगडांवरून चाक जाताना त्यांच्या कपाळाला मुंडावळ्यांचा मणी लागून खोक पडली होती. खूण दाखवली, बारीक आहे पण आहे.

भाचा म्हणतोय एकच रेघ ठेवू, नकाशा स्वच्छ दिसेल. मी दोन्ही ठेवल्या. अल्याडची तुटक, पल्याडची सलग. मामा नाराज आहेत. शाई वाळली की पहिल्या शंभर प्रती काढतो.